दसरा-दिवाळीच्या सुट्टीत छोट्यांसोबत कागदकाम, काय जमतं आणि कसं

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या सोसायटीतल्या आया विचारायला लागतात, ताई अडीच-तीन वर्षाच्या मुलाला घरात गुंतवायचं कसं, मोबाईल दिला नाही तर दिवसभर अंगावर चढतंय. मी १४ वर्षं बालवाडीत होते, आता शाळा सोडली पण नवरात्रापासून भाऊबीजेपर्यंत अजून सात-आठ पोरं माझ्याकडे सकाळची येऊन बसतात, त्यामुळे जे लिहितेय ते सगळं करून बघितलेलं आहे.

नेटवर ऑटम क्राफ्ट म्हणून शोधलं की केशरी मेपलची पानं आणि भोपळेच भोपळे येतात. ज्यांची मुलं न्यू जर्सीला नाहीतर टोरांटोला वाढतायत त्यांनी ते जरूर करावं, तिकडे पोरगं रोज ती पानं तुडवतच शाळेत जातं. पण आपल्याकडे ऑक्टोबरात पानगळ नसतेच, आपली झाडं पानं टाकतात ती माघ-फाल्गुनात, आणि आश्विनात आपल्या मुलाला काय दिसतं तर बाजारात झेंडूचे ढीग, आपट्याची पानं, दुकानांवर लटकलेले कंदील, खाली मोठ्या मुलांनी किल्ल्यासाठी आणून टाकलेली माती. तीन वर्षाच्या मुलाला जे रोज दिसतं तेच करायला मजा येते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या त्या पानं, बिया, शंख-शिंपले अशा आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंवर, आम्हाला ट्रेनिंगमध्ये हेच पहिल्यांदा सांगितलं होतं आणि मला ते आजही शंभर टक्के पटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्यांनी आपलं काम आदल्या रात्री उरकायचं. कार्डशीट कापून ठेवणं, रेघा मारणं, भोकं पाडणं, दोरा कापून ठेवणं हे आपलं काम, आणि ते मुलांसमोर करत बसलात तर पाच मिनिटात ती उठून जाणार कारण त्यांच्या हाताला काही नसतं. मुलांच्या वाटणीला काय ठेवायचं तर फाडणं, चुरगळणं, चिकटवणं, ठसे मारणं, आणि जरा मोठ्यांना कापणं. ही कामं मात्र पूर्ण त्यांची. मध्ये हात घालून सरळ करून द्यायचं नाही. मागे एका शाळेतून निरोप आला होता की मुलांनी घरून कंदील करून आणा, मी बघायला गेले तर एकसे एक कंदील, लेस लावलेले, मोती लावलेले, आणि एका छोट्याला विचारलं तुझा कुठला रे, तर त्याला ओळखताच येईना. घरी दोन रात्री जागून आईनेच केला होता. मला फार वाईट वाटलं ते, आईची मेहनत दिसत होती पण पोराचा हातच लागला नव्हता त्याला.

सामान फार लागत नाही. दोन-तीन रंगांची कार्डशीट, टिंटेड पेपर, केशरी-पिवळा क्रेप पेपर एकेक गुंडाळी, पतंगाचा कागद मिळाला तर उत्तम, मेणाचे खडू, पोस्टर कलर. बाकी घरातलं, म्हणजे जुनी वर्तमानपत्रं, मिठाईचे रिकामे बॉक्स, आणि लग्नपत्रिका टाकू नका हो, एवढा जाड आणि सुंदर कागद विकत मिळत नाही, सोनेरी छपाई असते ती तर मुलांना फारच आवडते. सजावटीला आईच्या टिकल्यांचं पाकीट द्या. टिकलीला गोंद लागत नाही, सोलून चिकटवायची, चिमटीचा व्यायाम आपोआप होतो आणि पोरं अर्धा तास मान वर करत नाहीत. कुंदन-मणी तीन वर्षाच्या आतल्यांना देऊ नका, तोंडात नाकात जातात, चमकीही नको, हाताला लागते आणि तोच हात डोळ्यात जातो.

गोंदाचं म्हणाल तर फेविकॉलची बाटली मुलांच्या हातात कधीच द्यायची नाही, झाकणात चमचाभर काढून थोडं पाणी घालून द्यायचं आणि लावायला इअरबड नाहीतर सरळ बोट. मी स्वतः खळ करते. दोन मोठे चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मग वाटीभर पाणी घालून मंद गॅसवर ढवळत राहायचं, पांढरट जाऊन जरा काचेसारखं दिसायला लागलं की उतरवायचं, गार झाली की घट्ट होते, फ्रीजमध्ये दोन दिवस राहते. आमच्या लहानपणी कंदिलाच्या खळीत मोरचूद घालायचे, किडे लागू नयेत म्हणून. मुलांच्या खळीत ते अजिबात घालायचं नाही, विषारी असतं, आणि बोट चाटणारच ती.

पंखा बंद ठेवायचा. हे लिहितेय कारण ऑक्टोबरची गरमी असते आणि आपण सवयीने पंखा लावतो, मग कागदाचे कपटे घरभर आणि मुलं त्यांच्या मागे. सकाळी नाश्ता झाला की नऊ-साडेनऊला बसा, ऊन चढायच्या आत वीस मिनिटात संपवा. वीस मिनिटं पुष्कळ झाली. झोपेच्या वेळेला किंवा भुकेल्या पोटी बसवलंत तर फक्त रडारड.

पहिल्या दिवशी काहीच बनवायचं नाही, नुसतं फाडायचं. वर्तमानपत्र द्यायचं आणि म्हणायचं फाडा. वर्तमानपत्र वरून खाली उभं फाडलं की सरळ लांब पट्टी निघते आणि आडवं फाडलं की वेडंवाकडं फाटतं, मुलांना हे आपण सांगायचं नाही, दहा-बारा पट्ट्या फाडल्यावर त्यांचं त्यांना कळतं आणि मग चेहरा बघा. एक साडेतीन वर्षांची आहे आमच्याकडे, फारशी बोलत नाही, ती पेपर फिरवून फिरवून बघत होती आणि एकदम म्हणाली, इकडून ऐकतो, इकडून ऐकत नाही. त्याच पट्ट्यांचे मग बोळे करायला लावायचे, मूठ घट्ट दाबून. पुढे पेन्सिल धरायची ताकद या बोळ्यांतूनच येते, म्हणून हा दिवस वाया गेला असं समजू नका.

नवरात्रात भोंडल्याचा हत्ती करा. करड्या नाहीतर कुठल्याही रंगाच्या कागदावर मुलाचा पंजा ठेवायला सांगायचा, बोटं फाकवून, अंगठा लांब, आणि बाजूने पेन्सिल फिरवायची. मग कापून उलटा धरायचा, चार बोटं म्हणजे चार पाय आणि अंगठा म्हणजे सोंड. कान मुलाने फाडलेल्या कागदाचा, डोळा टिकलीचा, पाठीवर झूल म्हणून लग्नपत्रिकेचा सोनेरी तुकडा. सगळ्यांचे हत्ती एका मोठ्या कागदावर गोल लावले की मधोमध पाटावर ठेवून फेर धरायला होतो. खिरापत ओळखायला मात्र मुलींइतकेच मुलगेही पुढे असतात बरं का.

दसऱ्याचं सोनं हे माझं सगळ्यात आवडतं. दसऱ्याला आपट्याच्या फांद्या अक्षरशः ओरबाडून आणतात, बऱ्याचदा तर आपटा म्हणून कांचनाची पानं विकतात, आणि संध्याकाळी सगळं रस्त्यावर पडलेलं असतं. म्हणून खरं पान एकच आणायचं, देवापुढे ठेवायला आणि मुलांना दाखवायला. आपट्याचं पान मधल्या शिरेवर अलगद मिटतं, पुस्तकासारखं. मुलाच्या हातात देऊन त्याला ते मिटायला-उघडायला लावा. मग तेच कागदावर.

आधी छाप काढायचा. पान पालथं ठेवायचं, म्हणजे शिरा वर, त्यावर पातळ कागद ठेवून चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावायची नाहीतर तो सरकतो. मेणाच्या खडूचा कागद सोलून टाकायचा आणि खडू उभा न धरता आडवा झोपवून घासायचा. देठापासून पंख्यासारख्या पसरलेल्या शिरा एकेक करून वर यायला लागतात, पहिली शीर दिसली की मूल हात थांबवून आपल्याकडे बघतं, दर वेळी, आणि मग दुप्पट जोरात घासतं. कागद फाटला तर फाटला, दुसरा द्या.

मग घडीचं सोनं. टिंटेड पेपरचे साधारण ८ सेंटिमीटरचे चौकोन कापून ठेवायचे. तीन वर्षाच्या मुलाला घडी घाल म्हटलं की जमत नाही, म्हणून आम्ही म्हणतो कोपऱ्याने कोपऱ्याला पापी दिली, धर घट्ट, आता बोटाने इस्त्री कर. घडीच्या बाजूला चिकटून आपण कानासारखा अर्धा आकार काढून द्यायचा, पाळी खाली आणि वरचा गोल भाग मोठा, साडेचार-पाच वर्षाचे स्वतः कापतात, लहानांना आपण कापून द्यायचं पण उघडायचं मात्र त्यांनीच. घडी उघडली की एका कानाचं अख्खं पान झालेलं असतं. दर वर्षी कोणीतरी ओरडतंच, ताई याची दोन झाली. मधल्या रेषेवर सोनेरी खडू, मागे देणाऱ्याचं नाव, आणि दसऱ्याला संध्याकाळी मुलांनी सगळ्या मजल्यांवर जाऊन हेच सोनं वाटायचं. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी पाच वर्षांची पानं देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवलीत.

दसऱ्याला पाटीपूजन करत असाल तर काळ्या कार्डशीटची पाटी करा, कडेला पिवळ्या कागदाची चौकट, आणि एक एक आकड्यांची सरस्वती आपण खडूने काढून द्या, मुलाने तिच्याभोवती ठिपके दिले तरी पुरे.

झेंडूचं तोरण दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात सुरू करा, एका दिवसात होत नाही. लग्नपत्रिकेचे ६-७ सेंटिमीटरचे गोल कापून ठेवायचे, क्रेप पेपरचे छोटे तुकडे मुलांनीच फाडायचे, चुरगळून वाटाण्याएवढे बोळे करायचे आणि गोलावर खळ लावून दाबत जायचं, बाहेरून आत. एक मूल एका बैठकीत एकच फूल करतं, दोन केली तर खूप झालं. म्हणून दारापुरती पाच फुलं धरा, घरात एकच मूल असेल तर पाच दिवस रोज एक. मध्ये आंब्याची पानं हवीत, त्यासाठी हिरव्या कागदाची पट्टी लांबट घडी घालून एक टोक निमुळतं कापलं की झालं. दोऱ्यात ओवायला जाऊ नका, फुलं मागून दोऱ्यावर स्टेपल करा आणि पिनेवर चिकटपट्टी मारा म्हणजे बोटाला टोचणार नाही. कोणाचं फूल टक्कल पडल्यासारखं दिसेल, कोणाचं गच्च. राहू दे. मागून बोळे भरायला जाऊ नका, मुलाला लगेच कळतं की हे मी लावलेलं नाही.

पणत्या सोप्या आहेत. वाटी ठेवून गोल काढायचा, मधोमध घडी, अर्धगोल झाला की पणती, आत पिवळ्या कागदाची ज्योत चिकटवायची. खरी मजा तिला रंगवण्यात आहे. जरा जून भेंडी घ्यायची, देठाकडून तीन बोटं सोडून कापायची, कापलेला भाग पुसून दहा मिनिटं वाळू द्यायची नाहीतर चिकटपणामुळे रंग बसत नाही. ताटलीत ओला स्पंज, त्यावर पोस्टर कलर, भेंडी स्पंजवर दाबून मग कागदावर. पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. अडीच वर्षाच्यालाही जमतं हे. पणतीच्या आत शुभ दीपावली लिहिलं की आजी-आजोबांना, सोसायटीच्या वॉचमनकाकांना द्यायला कार्ड तयार, भाऊबीजेलाही चालतं.

लक्ष्मीची पावलं तर मुलाच्याच पायाची काढा. कागदावर उभं करायचं, पायाभोवती पेन्सिल फिरवायची, गुदगुल्या होतात म्हणून पाय हलतो आणि पाऊल वेडंवाकडं येतं, तेच ठेवायचं. लाल ठसे मारून, कापून, दारापासून देव्हाऱ्यापर्यंत बोटं आतल्या बाजूला करून चिकटपट्टीने लावायची, फरशीवर गोंद नको. पुढच्या वर्षी त्याच पावलावर पाय ठेवून बघायला म्हणून एक जोडी ठेवून द्या.

आता कंदील. घरी एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. ए-फोर कार्डशीट लांबीत अर्धं दुमडायचं, म्हणजे लांब अरुंद घडी होते. घडीच्या बाजूने दोन-दोन सेंटिमीटरवर रेघा मारायच्या आणि उघड्या कडेच्या अलीकडे तीन सेंटिमीटरवर एक जाड लाल आडवी रेघ. तो सिग्नल. मुलांना सांगायचं लाल रेघ आली की कात्री थांबणार. साडेचार-पाचची मुलं अगदी जीभ बाहेर काढून कापत जातात आणि लाल रेघेशी खरोखर थांबतात. एखाद्याने पुढे कापलं तर मागून चिकटपट्टी, काही बिघडत नाही. त्याहून लहानांना पूर्ण चिरा जमत नाहीत, त्यांना झिरमिळ्यांचं काम द्यायचं. दोन सेंटिमीटर रुंद कागदाची लांब पट्टी आपण धरायची आणि त्यांनी कात्रीने कच्कन एकदाच दाबायचं, एका फटक्यात तुकडा पडतो. कात्री शिकायची ही सगळ्यात सोपी पायरी आहे. अंगठा वर दिसला पाहिजे एवढंच बघायचं, अंगठ्याच्या नखावर एक टिकली लावली आणि सांगितलं की टिकली आभाळाकडे, तर कात्री बरोबर धरली जाते. हे तुकडे कंदिलावर नक्षी म्हणून चिकटवायचे आणि क्रेपच्या लांब पट्ट्या खाली झिरमिळ्या म्हणून.

चिरा झाल्या की कागद उघडायचा, चिरा उभ्या राहतील असा गोल करून स्टेपल करायचा. आत पिवळ्या कागदाची नळी घालायची आणि ती उंचीला बाहेरच्यापेक्षा तीन सेंटिमीटर कमी ठेवायची, वरची कड वरच्या कडेला आणि खालची खालच्या कडेला चिकटवली की बाहेरच्या पट्ट्या आपोआप फुगतात आणि आत दिवा लावल्यासारखं दिसतं. फुगत का नाही म्हणून फोन येतात ते याच जागी चुकल्यामुळे. वर दोन सेंटिमीटरची पट्टी, लटकवायला. आत खरी पणती किंवा मेणबत्ती बिलकुल नको, सेलवर चालणारा छोटा दिवा मिळतो तो ठेवा, तोही आपणच, त्यातला बटन सेल मुलांच्या हाती पडता कामा नये, गिळला तर फार धोक्याचा असतो.

हा कंदील लावायचा कुठे यावरून घरात चर्चा होते, मोठा विकतचा बाल्कनीत आणि मुलाचा आतल्या खोलीत असं बऱ्याच घरी होतं. माझं आग्रहाचं सांगणं आहे, तो खिडकीच्या गजाला मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर लावा. येता-जाता हात लावता आला पाहिजे.

किल्ला मोठी मुलं करतात आणि छोट्यांना हाकलतात, तेव्हा छोट्यांना पताकांचं काम द्या, किल्लेदारांना पताका हव्याच असतात त्यामुळे आत घेतात. केशरी कागदाचा लांबट चौकोन, तो खराट्याच्या काडीभोवती दुमडून चिकटवायचा, मोकळ्या टोकाला मधोमध एक खाच मारली की भगवा झाला. काडीची टोकं आधी मोडून बोथट करा. पेरलेली मोहरी आणि अळीव तीन-चार दिवसात उगवतात तोवर पताका टिकतात.

कामं वाळताना उडू नयेत म्हणून वर डाळीच्या वाट्या ठेवा. आणि प्रत्येक कामामागे पेन्सिलने तारीख आणि मुलाचं वय महिन्यासकट लिहा, ३ वर्षं ७ महिने असं, कारण सहा महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही. मूल मध्येच उठलं तर अर्धं काम तसंच ठेवायचं, दुसऱ्या दिवशी समोर मांडलं की बहुतेक वेळा येऊन बसतं. नाही बसलं तर अर्ध्या झेंडूचंही तोरणात फूल होतं.

आमच्याकडे कंदील तुळशीचं लग्न होईपर्यंत उतरवत नाहीत. छोट्यांचे कागदी कंदील तोवर उन्हाने फिके होतात, झिरमिळ्या गळतात, पण उतरवायच्या दिवशी काढायला मी त्यांनाच सांगते, नुसती शेजारी उभी राहते.